कढीपत्ता, ग्रिल आणि खालच्या काकूंच्या चादरी

जून २०२१ ची गोष्ट. ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी घेतली, कोथिंबीर मिरची सगळं झालं आणि सवयीने म्हटलं, दादा थोडा कढीपत्ता टाका ना. तो म्हणाला ताई दहा रुपये जुडी. मी म्हटलं अहो तो तर भाजीबरोबर असाच देतात, तर म्हणतो आम्हाला कोण असाच देतं. बरोबरच होतं त्याचं. पण मला उगाच लागलं. कारण माझं माहेर विदर्भातल्या वरूडचं, तिकडे आमच्या विहिरीजवळ गोडनिंबाचं एवढं मोठं झाड होतं की शेजारच्या बायका विचारायच्यासुद्धा नाहीत, यायच्या आणि तोडून न्यायच्या.

हो, आमच्याकडे गोडनिंबच म्हणतात. सासरी कढीलिंब म्हणतात आणि बाकी ठाण्यात सगळे कढीपत्ता. लग्न नवीन होतं तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या येताना कढीलिंब आण, मला ऐकू आलं कडूलिंब, आणि मी खालच्या झाडाची चांगली मोठी फांदी घेऊन वर आले. आजही पाहुणे आले की हा किस्सा निघतोच.

तर त्या दिवशी मी घरी येऊन जाहीर केलं की आता कढीपत्ता घरचा. आम्ही मानपाड्याला सहाव्या मजल्यावर राहतो, पूर्वेकडच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत ऊन येतं. तुळस, कोरफड, गवती चहा हे सगळं होतंच, मला वाटलं त्यात एक अजून, काय मोठंसं.

पहिला प्रयोग सासूबाईंच्या सल्ल्याने. जुडीतल्या चार जाडसर डहाळ्या मातीत खोचायच्या, पुदिना लागतो तशा लागतील. आठ दिवसांत काळ्या पडल्या. परत खोचल्या, परत काळ्या. मग मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमचे बाबा संत्र्याचे शेतकरी, आयुष्य बागेत गेलं, त्यांनी डहाळी बघितली आणि हसायलाच लागले. "अवं बाई, हे फांदी नोहे, हे पान होय. एकच पान."

मला आधी कळलंच नाही. मग नीट बघितलं. आपण ज्याला डहाळी म्हणतो ना, मधली काडी आणि दोन्ही बाजूंना पंधरा-वीस पानं, ते सगळं मिळून एकच संयुक्त पान असतं, मधली काडी म्हणजे त्या पानाचा देठ, आणि देठाला काही डोळा नसतो, मग तो फुटणार कुठून. इतकी वर्षं रोज फोडणीत टाकते पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. खरी फांदी लाकडी असते, आणि बाबा म्हणाले ती लावली तरी शंभरात दोन-चार लागतील, त्यापेक्षा बी लाव नाहीतर झाडाच्या बुडाशी पिल्लं येतात ती आण.

मग बी. नौपाड्यात माझ्या मैत्रिणीच्या जुन्या बिल्डिंगच्या मागे झाड आहे, पावसाळ्यात त्याला जांभळट काळी फळं लागतात, करवंदापेक्षा बारीक. मी मूठभर आणली, म्हटलं छान वाळवू, मग लावू, कागदावर पसरून ठेवली आणि ऑफिसच्या गडबडीत महिना गेला. लावली. काहीच नाही आलं. कढीपत्त्याचं बी वाळवून ठेवायचं नसतंच, ते ताजंच लागतं, दोन-तीन आठवड्यांत त्याचा जीव जातो. हे मला नंतर कळलं, म्हणजे परत बाबांकडूनच, कारण म्हणे संत्र्या-लिंबाच्या बियांचंही तसंच, वाळवल्या की गेल्या. दुसऱ्या खेपेला फळं आणली त्याच संध्याकाळी गर चोळून काढला, बी धुतलं आणि लावलं. अकरा लावल्या, वीसेक दिवसांनी चार उगवल्या. त्यातल्या दोन कबुतरांनी उपटल्या (ठाण्यातल्या कबुतरांवर मी वेगळं लिहीन, इथे नको), एक अशीच गेली, आणि जी उरली ती वर्षभरात वीतभर झाली फक्त. वर्षभरात वीतभर! एवढा हळू वाढणारा जीव मी पाहिला नाही.

तेवढा धीर माझ्यात नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्येच घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून ऐंशी रुपयांना रोप आणलं, फूट-सव्वा फुटाचं, काळ्या पिशवीत. बी-वाल्याला बाजूला ठेवलं आणि याला कुंडीत लावलं. आणि इथून पुढे खरी मजा.

नवीन रोप म्हणून मी त्याला रोज पाणी. सकाळी घालायचे, मग संध्याकाळी सासूबाई विसरून परत घालायच्या. कुंडीखाली ताटली नव्हती, त्यामुळे जास्तीचं पाणी खालून निघायचं आणि ग्रिलमधून थेट पाचव्या मजल्याच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. एका रविवारी त्यांच्या दोन पांढऱ्या चादरींवर लाल मातीचे ओघळ आले. काकू वर आल्या नाहीत, त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, नाव न घेता, खाली फक्त हात जोडलेले. त्या हात जोडण्याने मी अख्खा दिवस जेवले नाही नीट. संध्याकाळी जाऊन चादरी मागून आणल्या, व्हॅनिशमध्ये भिजवून धुऊन इस्त्री करून दिल्या, डाग नव्वद टक्के गेले, दहा टक्के आमच्या संबंधांत राहिले.

मग मी अतिशहाणपणा केला. पाणी खाली जाऊच नये म्हणून मोठी ताटली ठेवली आणि ती भरलेली राहू दिली. वर पावसाळा आला, ठाण्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जुलैत चार-चार दिवस ऊन नाही. पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय की काय (बाहेर एवढा पाऊस आणि माझं डोकं बघा), मी अजून पाणी घातलं. एक दिवस रोप हलवलं तर बुंधा मातीत सैल. व्हिडिओ कॉल. बाबांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "पाय ओले ठेवले तू त्याचे. संत्र्याले असंच डिंक्या रोग लागते. काढ बाहेर."

कुंडी उलटी करून काढलं तर खालची मुळं काळी, मऊ, आणि कुजलेला वास. ती कात्रीने कापली, पांढरट टणक होती तेवढी ठेवली, वरूनही रोप अर्धं कापलं, कारण मुळं अर्धी झाली तर वरचा पसारा ती पोसणार कशी. मग नवीन माती: निम्मी लाल माती, पाव वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, उरलेल्या पावात वाळू आणि थोडं कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. बारा इंची कुंडी, तळाला तीन भोकं मोठी करून घेतली गरम सळीने. ताटलीत खडी भरली म्हणजे कुंडी पाण्यात बसत नाही, आणि अर्ध्या तासाने ताटली ओतून टाकायची. पाणी एकच तांब्या, तेही बोट मातीत घालून दोन पेरं कोरडं लागलं तरच. सासूबाईंना कुंडीजवळ जायला बंदी. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

दीड महिना नुसती काडी उभी. नवरा म्हणाला टाक आता, ऐंशीच तर रुपये होते. गणपतीच्या आसपास त्या काडीवर दोन ठिकाणी लालसर टोकं दिसली. ती टोकं बघायला मी रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन उठायचे, खोटं नाही सांगत.

पुढे दोन वर्षांत मला जे कळलं ते बहुतेक सगळं एका वाक्यात बसतं, ते बाबांचं वाक्य, की हे संत्र्याचंच भावंड आहे. म्हणजे खरोखर. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, मोसंबी, बेल, सगळी एका कुळातली. विश्वास नसेल तर एक पान उन्हाकडे धरून बघा, बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, तेलाच्या पिशव्या असतात त्या, लिंबाच्या पानातही तशाच दिसतात. पान चुरगाळलं की वास येतो तो तिथूनच. नेटवर कढीपत्त्याबद्दल इतकं उलटसुलट वाचलं की डोकं फिरलं, त्यापेक्षा प्रत्येक वेळी बाबांना विचारायचं की तुम्ही संत्र्याला काय करता, आणि त्याचं चमचाभर करायचं, हे जास्त लागू पडलं.

उदाहरणार्थ थंडी. डिसेंबर-जानेवारीत झाड एकदम गप्प होतं, नवीन पान नाही, जुनी पिवळी होऊन गळतात. पहिल्या वर्षी मी घाबरून खत घातलं. बाबा म्हणाले झोपलंय ते, झोपलेल्याला कोणी जेवायला घालतं का, पाणी पण कमी कर. फेब्रुवारीच्या शेवटी मग छाटणी. ही छाटणी करताना हात थरथरतो कारण कष्टाने वाढवलेलं असतं, पण शेंडा नाही मारला तर ते छत्रीच्या दांड्यासारखं सरळ वर जातं आणि वरच चार पानं राहतात. जिथे कापाल त्याच्या खालून दोन-तीन फुटवे येतात. मार्चमध्ये झाड असं भरतं की बस. रोज काढतानाही सुटी पानं ओरबाडायची नाहीत, अख्खी डहाळी (म्हणजे अख्खं पान, आता कळलं ना) बुडापासून मोडायची. फुलांचे तुरे आले की तेही मी काढते, मला पानं हवीत, फळं नकोत.

एकदा नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं झालं. ते लोह कमी पडल्याचं, बाबांनी हिराकस (फेरस सल्फेट) सांगितला, चिमूटभर लिटरभर पाण्यात, एकदाच. पंधरा दिवसांत पुढची पानं हिरवी आली. पिठ्या ढेकूण तर दर उन्हाळ्यात, पांढरे कापसासारखे, मुंग्या त्यांच्या मागे येतातच आणि पानांवर काळी बुरशी, म्हणजे कोळशी, धरते. जुन्या टूथब्रशने घासून काढायचं आणि संध्याकाळी निंबोळी तेल पाण्यात मिसळून, दोन थेंब भांड्याच्या साबणाबरोबर, फवारायचं. फवारल्यावर आठवडाभर पानं खायची नाहीत, नंतरही धुऊनच. आंबट ताक घालतात ना बरेच जण, मीही घालते, महिन्यातून एकदा, एक वाटी ताक दहा वाट्या पाण्यात. बाबा त्यावर हसतात. म्हणतात घाल, तुझं समाधान होते ना.

आणि हो, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवू नका. एप्रिलमध्ये एका रात्रीत अर्धी पानं पापडासारखी झाली होती.

आता ती अळीची गोष्ट. सप्टेंबर २०२३. झाड चांगलं कंबरेएवढं, गौरी-गणपती तोंडावर, सासूबाईंनी आधीच मोजून ठेवलेलं की कोणत्या दिवशी किती डहाळ्या लागणार. एका सकाळी दोन पानांवर पक्ष्याने शिटल्यासारखं काहीतरी दिसलं, काळपट-पांढरं. कबुतरांना शिव्या घालून मी सोडून दिलं. चार-पाच दिवसांनी बघते तर ते शिटलेलं मोठं झालंय, आणि अजून दोन दिवसांनी त्याच्या जागी हिरवीगार बोटभर अळी, एक नाही पाच. आणि पानं कुठे आहेत तर पानं नाहीतच, मधल्या काड्या फक्त. मी काडीने ढोसलं तर तिने डोक्यातून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र, सडक्या लिंबासारखा वास आला.

बाबांना कॉल. त्यांनी अळी ओळखली एका सेकंदात, आयुष्यभराचं वैर. "हे त संत्र्यावरची अळी होय! रोप असतानी झाड बुडोते. मार तिले लवकर." सासूबाईही चिमटा घेऊन तयार. आणि माझी मुलगी, तेव्हा चौथीत, तिची शाळेची सहल नुकतीच ओवळ्याच्या ओवळेकर वाडीला, ते फुलपाखरांचं गार्डन आहे ना तिकडे, जाऊन आलेली. ती कुंडीसमोर हात पसरून उभी. म्हणे हे फुलपाखराचं बाळ आहे, आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन आहे त्याच्या फॅमिलीतलं, मारलंत तर मी जेवणार नाही.

हे राज्य फुलपाखराचं प्रकरण मला माहीतच नव्हतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये जाहीर केलंय म्हणे, तसं करणारं आपलं पहिलं राज्य. ते ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. म्हणजे माझ्या कुंडीत त्यांच्या घराण्याचं बाळंतपण चाललेलं आणि एकीकडे वरूडहून फाशीची शिक्षा सुनावलेली.

तडजोड अशी झाली की दोन अळ्या झाडावर, तीन एका भोकं पाडलेल्या डब्यात, आणि त्या तिघींसाठी पानं कुठून तर जांभळी नाक्यावरून, दहा रुपये जुडी. नवऱ्याने हे गणित मला तीन वेळा समजावून सांगितलं. वर जुडीवर फवारलेलं असतं म्हणून ती तीन पाण्यांतून धुवायची, नाहीतर अळ्या मरतात. गौरीच्या कढीला कढीलिंब विकतचा आला. सासूबाईंनी तो घालताना माझ्याकडे बघितलं फक्त.

डब्यातल्या तीनपैकी एक मेली. दोघींनी कोष केला, काडीला बुडाशी चिकटून आणि कमरेला एक बारीक धागा बांधून, जणू बाहेर काम करणाऱ्या रंगवाल्याचा दोर. तेरा दिवसांनी सकाळी सहाला मुलीने सगळ्यांना उठवलं. पंख अगदी चुरगळलेले, ओले. ते लटकून राहिलं, तासाभरात पंख ताठ झाले, काळेभोर आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कॉमन मॉरमॉनचा नर. ग्रिलमधून बाहेर पडून आंब्याकडे गेलं. त्या वेळी सासूबाईंनी हात जोडले होते, त्यांनी नाही म्हणू दे.

आणि झाड? महिन्यात परत भरलं. छाटणीच झाली होती त्याची एक प्रकारे. हे मी बाबांना सांगितलं नाही.

आता फायद्यांचं, कारण लोक तेच विचारतात. केसांसाठी मी खोबरेल तेलात पानं कडकडीत करून ते तेल आठ महिने लावलं. केस काळे झाले नाहीत, पांढरे होते तेवढेच आहेत, तेलाचा वास मात्र छान येतो आणि उशीला फोडणीचा वास लागतो. शुगरसाठी आमचे सासरे सकाळी दहा पानं चावून खायचे, कोणीतरी वॉकला सांगितलं म्हणून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत साखर कमी झाल्याचं दिसलंय हे खरं, पण त्या जोरावर त्यांनी स्वतःच्या मनाने गोळी अर्धी केली आणि रिपोर्ट बिघडला. डॉक्टर म्हणाले पानं हवी तेवढी खा, गोळीला हात लावू नका. तेव्हापासून दोन्ही चालू.

खायला मात्र चांगलाच आहे. शंभर ग्रॅम पानांत साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, शिवाय बीटा कॅरोटीन. पण शंभर ग्रॅम कोण खातं, आणि फोडणीतली पानं तर ताटाच्या कडेला काढून ठेवायची आपली पिढीजात पद्धत. म्हणून मी चटणी करते. आदल्या रात्री पानं धुऊन सुती पंच्यावर पसरायची, सकाळी हाताला अजिबात ओल लागता कामा नये, नाहीतर चटणीला चार दिवसांत वास. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मंद आच, पानं टाकून हलवत राहायचं, आधी मऊ पडतात, मग हळूहळू हलकी होतात आणि चमच्याला लागून कागदासारखी खरखर आवाज करायला लागतात, तो आवाज आला की गॅस बंद, हिरवा रंग असतानाच, काळी झाली की कडू. मग त्याच कढईत तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, चिंचेचं बोटभर कोरडं बुटुक, तिखट, मीठ, आणि मिक्सरला दोनदाच फिरवायचं, भरड. मुलगी जी एक पान खात नव्हती ती पोळीला तूप आणि ही चटणी लावून डब्यात नेते.

यंदा जूनमध्ये कुंडीच्या मातीतून बुंध्याशेजारी एक पिल्लू वर आलं, बाबांनी चार वर्षांपूर्वी सांगितलेलं तसं. मुळासकट सोडवलं, छोट्या कुंडीत लावलं, खाली खडी भरलेली ताटली, आणि पाचव्या मजल्यावरच्या काकूंना नेऊन दिलं. काकूंनी कुंडी हातात घेतली, वर आमच्या ग्रिलकडे बघितलं, आणि म्हणाल्या पाणी किती घालायचं ते नीट सांग बाई.

परवा त्यांचा फोन आला. म्हणे अगं, तुझ्या त्या रोपावर कबुतर शिटलंय वाटतं, दोन पानांवर, ओल्या फडक्याने पुसून काढू का? मी म्हटलं काकू थांबा, हात लावू नका. मुलगी चप्पल न घालताच जिना उतरत होती.